चौथ्या मजल्यावरचा ओघळ

आई, तुझा टॉवर माझ्याकडे आहे. कामोठ्याच्या खोलीत, खिडकीशी, जिथे आधी कपड्यांचा स्टँड असायचा तिथे तो उभा आहे. कपडे आता दाराच्या हुकांवर वाळतात. बत्तीस मजले, पण शंभरास एक मापाचे, त्यामुळे त्याची गच्ची माझ्या कमरेच्या जरा वर येते. पहिल्या आठवड्यात ऑफिसहून येऊन दार उघडलं की कोणीतरी आत येऊन थांबलंय असं वाटून मी दोनदा दचकले. मग सवय झाली. आता उलटं झालंय, दार उघडताना तो आहे ना हे आधी बघते. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. दिवसभर महाप्याच्या ऑफिसात बसून मी लोकांसाठी लिहीतच असते. मोबाईलवर 'तुमची ऑर्डर निघाली आहे' असं येतं ना, ते कोणीतरी बसून लिहिलेलं असतं, ती कोणीतरी म्हणजे मी. घरी आल्यावर माझं स्वतःचं लिहिते, त्यात वाक्यं मधेच तुटतात आणि मासिकवाले विचारतात की पुढचं पान पाठवायचं राहिलं का. हे मात्र सरळ लिहायचं ठरवलंय. जमेल तितकं.

तो कसा मिळाला ते आधी सांगते. ऑफिसातल्या एकीच्या मुलीचा वाढदिवस होता, नेरुळला, त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. मला बोलावलं कारण सगळ्या टीमला बोलावलं होतं. तिथे जोडप्यांनी जोडप्यांशी बोलायचं आणि पोरांच्या मागे धावायचं असा कार्यक्रम होता. मला दोन्ही लागू नव्हतं, म्हणून खुर्ची आणायच्या निमित्ताने मी मागच्या कोपऱ्यात गेले. खुर्च्यांच्या चळतीमागे, गणपतीच्या मखराच्या पट्ट्यांना टेकून एक मॉडेल होतं. वरचं पारदर्शक कव्हर एका कोपऱ्यात तडकलेलं, त्यावर कोणीतरी केकच्या उष्ट्या प्लेट्स ठेवलेल्या. बागेतल्या झाडांचा स्पंज झडून नुसत्या तारा उरल्या होत्या. आपण उभे आहोत ती हीच बिल्डिंग, हे कळायला मला वेळ लागला, पण त्याच्या आधी खिडक्या कळल्या. बाकीच्या बिल्डर मॉडेलांमध्ये खिडकी म्हणजे भिंतीवर काढलेला चौकोन असतो. ह्या खिडक्या आत गेलेल्या होत्या. प्रत्येक चौकटीच्या वरच्या कडेला केसाएवढी सावली, खालच्या कडेला तिच्या निम्मी. मी प्लेट्स बाजूला केल्या, रुमालाने कव्हर पुसलं आणि खालून मजले मोजले. चौथा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. तिच्याखाली करंगळीच्या नखाएवढी एक जागा, जिथे भिंतीचा रंगच मेलेला. ती मी केली होती. न मोजताही मला सापडली असती.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, घेऊन जा की, नाहीतर रविवारी भंगारवाला येतोय. भाच्यासाठी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो. मला भाचा कुठला. खालचा बागेचा पाट न्यायचं शक्यच नव्हतं, म्हणून वॉचमनने स्क्रू काढून नुसता टॉवर सोडवून दिला. रिक्षावाल्याने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ताई, बिल्डिंग आडवी घ्यायची की उभी?" मग आडवीच घेतली, डोकं माझ्या मांडीवर. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला तो मागे वळून म्हणायचा, टेरेस सांभाळा. कामोठ्याला उतरल्यावर त्याने स्वतः ती जिन्यापर्यंत आणून दिली आणि पझेशन मिळालं म्हणून अभिनंदन केलं. हे सगळं ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. मी एकटीच हसले, जिन्यात.

शिरवण्याच्या बाजूच्या एमआयडीसीतल्या त्या मॉडेलांच्या गाळ्याची तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तू तिथे अकरा वर्षं गेलीस, पण मला तो लिहून ठेवायचाय. आत शिरलं की कापलेल्या ॲक्रिलिकचा जळका वास. मग स्प्रे मारायची जागा, चारी बाजूंनी पेपर चिकटवलेली. आणि सगळ्यात मागे, खिडकीजवळ, तुझं टेबल, कारण तुला दिवसाचा उजेड लागायचा. गाळ्याच्या मालकांना सगळे दादा म्हणायचे. त्यांनी तुला घेतलं होतं झाडं चिकटवायला. पुढे कधीतरी तू शाईच्या कामावर गेलीस ते कसं, हे मी कधी विचारलंच नाही. रंग मारून आलेला टॉवर तुझ्या टेबलावर यायचा तेव्हा तो साबणाच्या वडीसारखा असायचा, खिडक्या, गज, जोड, खाचा सगळं असतं पण काहीच दिसत नाही. तू त्यावर पाण्यात पातळ केलेली शाई सोडायचीस. गाळ्यात त्याला वॉश म्हणायचे. शाई खाचांमध्ये जाऊन बसायची, वर उरलेली तू ओल्या ब्रशने उचलून घ्यायचीस, आणि साबणाची वडी हळूहळू बिल्डिंग व्हायची. दादा गिऱ्हाइकाला सांगायचे, हे आमचं लेझर कटिंग बघा साहेब, काय शार्प आलंय. तू मागे ब्रश धुवत असायचीस.

मला शिकवलंस ते मात्र ओट्यावर. सुट्टीची दुपार, भात निवतोय, आणि तू गाळ्यातून आणलेला भिंतीचा एक वाया गेलेला तुकडा माझ्यापुढे ठेवलायस. स्टीलच्या बशीत दोन थेंब काळी शाई, एक थेंब तपकिरी. नुसती काळी घेतली तर बिल्डिंग आगीतून काढल्यासारखी दिसते, हे तू म्हणतेस. मग पाणी. मग काडेपेटीच्या काडीच्या टोकाला लागेल एवढंच भांड्यांचं लिक्विड, म्हणजे पाणी थेंब धरून बसत नाही, पसरतं. आणि मग तुझा तो प्रकार, डाव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला ब्रश टेकवायचा. शाई आपणहून नखाच्या कोरीतून फिरली तर बरोबर, तिथेच उभी राहिली तर अजून पाणी. तुझं ते नख कायम तपकिरी असायचं. मी ब्रश घेते आणि रेघ ओढायला लागते, चित्र काढल्यासारखी. तू माझं मनगट धरतेस. काय गो, भिंत रंगवतेस? नुसता कोपऱ्याला टेकव आणि सोड, ती जाईल जिथे खोल आहे तिथे. मी टेकवते. शाई खरंच निघते, कोपऱ्यातून कडेने, कडेवरून खाली, मी काहीच करत नाहीये आणि एक खिडकी उघडल्यासारखी दिसायला लागते. मला ती अजून गडद हवी असते. तू म्हणतेस, एका हातात गडद करायचं नाही. पहिला हात फिका, तो वाळू दे, मग दुसरा, मग लागला तर तिसरा.

आणि शेवटची गोष्ट, जी बाकी कोणीच पाळत नव्हतं. शाई वाळल्यावर वरून मॅट वॉर्निशचा स्प्रे मारतात, म्हणजे ती कायमची बसते. तो मारायच्या आधी दुसऱ्या माणसाने बघितलंच पाहिजे, असा तुझा नियम होता. आपल्या हातचं आपल्याला दिसत नाही म्हणायचीस. कटिंगवाले, स्प्रेवाले, कोणी मोकळं नसेल तर चहावालापण चालायचा. कसं झालंय असं तू कधी विचारायची नाहीस. तू विचारायचीस, काय दिसतंय? तो म्हणाला शाई दिसतेय, की तू पुसून परत बसायचीस. तो म्हणाला खिडक्या, की मगच वॉर्निश. मी कॉलेजला जायला लागले तसं तू मलाच बोलवायला लागलीस. क्लास सुटला की वाशीहून गाळ्यावर यायचं, टॉवरपुढे उभं राहायचं आणि सांगायचं काय दिसतंय. मला तेव्हा ते बोअर व्हायचं. आता वाटतं, मला कोणी एवढ्या भरवशाने काही विचारलेलं तेच शेवटचं.

आता ते लिहिते ज्यासाठी बसलेय. पहिला हात, फिका. एका टॉवरवर मला एक डाग दिसला, मी थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसला, डागाबरोबर खालचा रंगही थोडा गेला. झालं. आजवर ज्या कोणाला सांगितलंय त्यांना एवढंच सांगितलंय, तेसुद्धा गंमत म्हणून.

तो डाग काय होता ते सांगायला घरी जावं लागेल, शिरवणे गावातल्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या ग्रिलवर तू रंगाचा रिकामा डबा ठेवला होतास, गाळ्यातून आणलेला, बुडाला खिळ्याने भोकं पाडून. त्यात गवती चहा. रोज सकाळी पाणी घातलं की डब्याचा गंज खाली भिंतीवर यायचा, आणि दोन वर्षांत तिथे एक लांब तपकिरी ओघळ तयार झाला, वर जाड, खाली बारीक होत गेलेला. घरमालकीण आजी खाली ओट्यावर बसून मान वर करून तुला ऐकवायची, "पानी तुज्या झाडाला आन डाग माज्या भितीला. रंग काडताना पोरांना काय सांगू, वरचे बायना चहा सांडला?" तू मूठभर पात कापून खाली घेऊन जायचीस. ती शिव्या देत देतच घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, आज चहाला पात नाय दिली ती?

तो ओघळ तू मॉडेलवर काढायचीस. प्रत्येक मॉडेलवर, एकच, चौथ्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीखाली. जेमतेम नखाएवढा. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी विचारलं, आपण तर दुसऱ्यावर राहतो. तू म्हणालीस, चौथ्यावर हवा चांगली लागते. इन्फिनिटी पूल, जिम, जॉगिंग ट्रॅक, सगळं करकरीत नवीन, अजून पायासुद्धा खणलेला नाही, आणि चौथ्या मजल्यावर कोणीतरी आधीच राहायला आलंय आणि रोज झाडाला पाणी घालतंय. हे मी आज लिहितेय हां, तेव्हा मला असलं काही सुचलं नव्हतं.

दुसरा हात. एका बिल्डरच्या माणसाने दादांकडे तक्रार केली होती की मॉडेल मळकं येतं, आम्हाला फ्रेश लुक पाहिजे. दादा तुझ्यावर चिडले होते. म्हणजे ओरडले नव्हते, पण सगळ्यांसमोर म्हणाले की ताई, आपण घर विकतोय, घाण विकत नाही. तू घरी येऊन ते सांगितलंस आणि पोळ्या लाटत राहिलीस. बाबा तेव्हा ड्युटीवर. म्हणून पुढच्या टॉवरला, म्हणजे ह्या टॉवरला, मी जेव्हा तो ओघळ बघितला तेव्हा मला वाटलं, हिची नोकरी जाईल. सुट्टीचा दिवस होता, गाळ्यात आपण दोघीच, दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी. तू मला बघायला बोलावलंस आणि मागच्या नळावर ब्रश धुवायला गेलीस. मी काडी घेतली. वीस सेकंदंसुद्धा लागली नसतील. तू हात पुसत आलीस आणि विचारलंस, काय दिसतंय? मी म्हटलं, खिडक्या. तू वाकलीस. तुझा चेहरा माझ्याकडे नव्हता, तुझी वेणी मला दिसत होती.

"डाग वाटला तुला?"

"हो."

"मग डागच असेल."

तू वॉर्निशचा कॅन हलवलास, आतली गोळी खडखड वाजली, आणि वरपासून खालपर्यंत मारलास. मेलेल्या रंगासकट. दुरुस्त करायला वेळ होता, दिवस होता, पण तू केलं नाहीस. घरी जाताना नेहमीसारखं बोललीस, कांदे घ्यायचेत म्हणालीस.

पण त्यानंतर तू मला बघायला बोलावलं नाहीस. एकदाही नाही. मी वाट बघितली असं म्हणणार नाही, मला बरंच वाटलं होतं, क्लासनंतरचा वेळ मोकळा झाला. दोन महिन्यांनी काही कामाने गाळ्यावर आले तर तू चहावाल्याला उभं करून विचारत होतीस. घरी डबा ग्रिलवरून आत आला. ओट्याच्या कोपऱ्यात, तिथे ऊन नव्हतं, गवती चहा पिवळा पडला. आजीने खालून विचारलं, "डबा कुटं गेला गो? भित मोकली दिसतं." तू म्हणालीस, तुम्हालाच तर नको होता. पुढच्या वर्षी तू आजारी पडलीस, मग हॉस्पिटल, मग तेही संपलं. त्यानंतर तू केलेल्या मॉडेलांवर तो ओघळ होता की नव्हता, मला माहीत नाही. दादांनी गाळा कधीच विकला. जी मॉडेलं होती ती बिल्डिंगी उभ्या राहिल्या तशी भंगारात गेली असणार. माझ्या हाती लागला तो नेमका हाच एक, जो मी पुसला.

म्हणून मी ठरवलं की तो ओघळ परत काढायचा. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं, तू मनात म्हणत असशील, मग काय. तुझा शून्य नंबरचा ब्रश माझ्याकडे होता. सांगू का, त्याने मी लॅपटॉपचा कीबोर्ड साफ करायचे. केस फिस्कटलेले. साबण लावून टोक केलं, दोन दिवस तसाच ठेवला, तेव्हा कुठे सरळ झाला. मेलेल्या जागेवर आधी बारीक पॉलिश पेपर, मग मिळताजुळता करडा रंग, मग चकचकीत क्लिअर कोट, नाहीतर शाई पळत नाही, भिंत ती तिथेच पिते. हे सगळं मी तुझ्याकडून नाही, व्हिडिओ बघून शिकले, तुझ्याकडून शिकायचं तेवढं मी लक्ष दिलं नव्हतं. पहिल्यांदा शाई वाळून कडेला गोल किनार उरली, चहाच्या कपाची उरते तशी. लिक्विड कमी पडलं होतं. पुसलं. दुसऱ्यांदा एवढी गडद झाली की भिंतीला चीर गेल्यासारखं वाटलं. पुसलं. तिसऱ्यांदा हात हलला. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकच प्रयत्न करायचे, कारण उजेड तेवढाच मिळतो, नंतर समोरच्या बिल्डिंगची सावली येते. शाई अंगठ्याच्या नखावर तपासायचे. ऑफिसात एकाने विचारलं, नखाला काय झालं. मी म्हटलं पेन लीक झालं.

मग एका मंगळवारी ते आलं. फिका हात सोमवारी दिलेला होता. मंगळवारी मी खिडकीच्या खालच्या कोपऱ्याला ब्रश नुसता टेकवला आणि सोडला, आणि मग कोरड्या ब्रशने एकदाच वरून खाली, पाणी जाईल तसं. वर जाड, खाली बारीक. मी मागे सरकून बघितलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, आई, बघ. खोलीत आवाज एवढा मोठा वाटला की मी रेडिओ लावला.

आता वॉर्निश मारायचं, आणि त्याच्या आधी दुसरा माणूस पाहिजे. हा विचार आधी माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी मोबाईलमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. घरी ये, जरा एक मॉडेल बघून जा, असं ज्याला म्हणता येईल असा माणूस मला कामोठ्यात सापडला नाही, मग नेरुळपर्यंत शोधला, मग सोडून दिलं. बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते आता गावीच असतात, काकांकडे. त्यांनी मोबाईल कानाला लावला, मग कपाळाला, मग कुठे चेहरा आला. मी कॅमेरा टॉवरकडे केला. ते म्हणाले, फ्लॅट बुक केलास की काय? मी म्हटलं, आईने केलेलं आहे, जरा बघा ना काय दिसतंय. ते थोडा वेळ डोळे बारीक करून बसले. म्हणाले, "तुझ्या आईचं काम माझ्या डोळ्यांना कधी दिसलंच नाय गो. ती तुझ्याकडनंच बघून घ्यायची ना? माझी पोरगी बघते म्हणून सांगायची सगळ्यांना." मग जेवलीस का विचारलं. मी म्हटलं हो.

त्या दिवशी मी तुझ्यासारखं केलं. पार्सलवाला आला, त्याने ओटीपी मागितला, मी म्हटलं, देते, पण दोन मिनिटं आत येऊन एक गोष्ट बघाल का. तो दारातच थबकला, साहजिक आहे. मग चप्पल काढून आला. मी विचारलं, काय दिसतंय? तो टॉवरपुढे वाकला, वर बघत बघत गेला, खाली आला आणि चौथ्या मजल्यावर बोट दाखवून म्हणाला, "इकडे लीकेज आहे. वरच्यांना सांगा, नाहीतर भिंत जाईल." ओटीपी घेतला आणि गेला. शाई म्हणाला नाही, आई. तुझ्या नियमाने काम पास झालं. मी दार लावलं आणि खाली बसून खूप हसले, आणि मग हसणं थांबलं तरी तिथेच बसून राहिले.

कॅन टेबलावर होता. मारायला काहीच हरकत नव्हती. मी मारला नाही. म्हणून हे पत्र.

तिसरा हात. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. ती एकदा आपल्या खोलीवर आली होती, तू तिला गवती चहा घातलेला चहा दिलास. जाताना तिने खालून वर बघितलं आणि विचारलं, तुमच्या भिंतीला ते काय झालंय? वाईट हेतूने नाही, सहज. मी म्हटलं, वरच्यांचं पाणी येतं. वर कोणी राहतच नव्हतं, वर पत्रे होते. पुढे तिच्या घरच्यांनी ह्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला आणि ती मला सांगायची, सेल्स ऑफिसात मॉडेल लागणार आहे, आपण बघायला जाऊ. मी तिला सांगितलं नव्हतं की ते तू करतेस. त्या दिवशी गाळ्यात मी चौथा मजला बघितला आणि मला आपली भिंत दिसली, तिच्या घरावर. मला तुझी नोकरीबिकरी काही आठवली नव्हती. दादांकडे आलेली तक्रार मी नंतर जोडली, तुझ्या दहाव्याला बसले होते तेव्हा, कारण काहीतरी बरं कारण पाहिजे होतं. तू विचारलंस डाग वाटला का. मला डाग वाटला नव्हता, आई. मी तो ओळखला होता. आणि तू वाकून बघितलंस तेव्हा तुलाही ते कळलं असणार, कारण काय दिसतंय ह्याचं उत्तर खोटं आलं की तुला लगेच कळायचं. म्हणून तर तू दुरुस्त केलं नाहीस. माझं उत्तर तू जसंच्या तसं राहू दिलंस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. छापायलाही देणार नाही, ह्यात एकही वाक्य तुटलेलं नाही, माझं आहे असं कोणाला वाटणार नाही. घडी घालून टॉवरच्या आत ठेवीन, तो आतून पोकळ आहे, खालून हात जातो.

एक राहिलं. वॉर्निश अजून मारलेलं नाही आणि मारायचं म्हणते तेव्हा ते खरं नसतं. ओघळ कच्चा आहे, ओलं बोट लागलं तरी जाईल, म्हणून मी त्या बाजूची खिडकी बंद ठेवते आणि झाडू हळू मारते. पक्कं केलं की विचारायला काही उरत नाही. रोज सकाळी चप्पल घालून, बॅग खांद्याला लावून मी दारातून मागे वळते आणि विचारते, काय दिसतंय? मग लगेच दार ओढून घेते, उत्तर आलं नाही हे ऐकायला थांबत नाही.